पहिल्या रविवारची माफी

नामंजूरभाऊंइतका तुसडा माणूस मी आदिलाबादेत दुसरा पाहिला नाही, आणि आमच्याकडे तुसड्यांची काही टंचाई नाही. मी त्यांना अहो-जाहो करते ते माझ्या बाबांनी लावलेल्या वळणामुळे. मनातल्या मनात मी त्यांना कितीतरी दिवस अरे-तुरेच करत होते. तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून द्यायचं दुकान होतं. खेड्यावरून आलेला एखादा माणूस घरून लिहून आणलेला अर्ज काउंटरवर ठेवायचा. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून तो अर्धाच वाचायचे आणि म्हणायचे, “नामंजूर.” तो बिचारा कचेरीच्या दाराकडे बघायचा. साहेब तर आत कचेरीत बसला आहे, मग हा बाहेरच कसा नामंजूर करतो? भाऊ म्हणायचे, “साहेब उद्या जे म्हणन ते मी आजच सांगून राह्यलो. जा, परत लिहून आण.” त्यावरून त्यांना हे नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतं.

अशा माणसाच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा वाजता लंडनचं गाणं समजावून सांगितलं जायचं, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही बसला नव्हता. भाऊ मूळचे किराणा दुकानदाराच्या घरातले. शिकायला म्हणून लंडनला गेले. शिकले किती ते त्यांनाच ठाऊक, पण चार-पाच वर्षं एका गोदामात खोकी उचलली, हे ते स्वतःच सांगत. परत येताना लोक अत्तरं आणि चॉकलेटं आणतात. यांनी दोन बॅगा भरून काळ्या तबकड्या आणल्या आणि त्या फिरवायचं मशीन आणलं. त्यांच्या आईनं म्हणे ते मशीन पाहून विचारलं होतं, “चक्की हाय का रे?”

त्या गाण्याचं नाव ग्राइम. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मोबाइलवर मुंबईची रॅपवाली पोरं ऐकून वहीत काहीबाही लिहीत होते. भाऊंकडे या गाण्यांचं काही मिळतं असं कळलं म्हणून एका रविवारी गेले. खोलीत आणखी दोघं होते, एक नार्नूरहून येणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि एक तेलुगू मोबाइल दुरुस्तीवाला, ज्याला सगळे अन्ना म्हणत. मला वाटलं, हा खवीस आता आपल्याला हाकलणार. झालं उलटंच. भाऊंनी मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, वाटीत गूळ-फुटाणे दिले, आणि दोन तास आवाज न चढवता सगळं पहिल्यापासून सांगितलं.

“ग्राइम म्हंजे मळ,” ते म्हणाले. “खिडकीच्या गजावर बोट फिरवलं का बोटाले लागते ना काळं, ते. लंडनात गरिबाच्या वस्तीतल्या पोरायनं हे गाणं काढलं. जास्ती करून काळ्या लोकायची पोरं. दहा-दहा, वीस-वीस माळ्यायच्या सरकारी बिल्डिंगीत राह्यणारी. त्यायले रेडिओवर कोणी घेत नोतं. मंग त्यायनं गच्चीवर तार लावून बिनपरवान्याचा रेडिओ काढला. संगीत घरच्या कंप्युटरवर बनवलं. वाजवणारा एक, तो डीजे. बोलणारा एक, तो एमसी. एमसी गात नाही आन भाषणई देत नाही. ठोक्यावर बोलते.”

मी विचारलं, “म्हणजे रॅपच ना भाऊ?” पुढे या प्रश्नापायी मी लोकांना त्या खोलीतून बाहेर काढलं जाताना पाहिलं. पण त्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, “रॅपच्या घरातलंच होय, पण यानं वेगळी चूल मांडली. अमेरिकेचं रॅप मिनिटाले नव्वद ठोक्याच्या आसपास चालते, डुलत डुलत. हे मिनिटाले एकशेचाळीस ठोके. डुलाले टाइम नाही.” मग त्यांनी एक तबकडी लावली. थंड, कोरडे, व्हिडिओ गेममधल्यासारखे आवाज, आणि खालून बासची घुमणारी धडधड अशी की दुकानाचं शटर थरथरायला लागलं. त्यात एकही शब्द नव्हता. शब्द आपण आणायचे, असं ते म्हणाले. आठ बार झाले की ठोक्याची चाल बदलते, तेवढ्यात आपलं म्हणणं मांडायचं. एका बारमध्ये चार ठोके, हेही त्यांनी टेबलावर बोटं आपटून तीनदा दाखवलं.

सगळ्यात शेवटी त्यांनी एक रीत सांगितली. एमसीनं एखादी ओळ अशी टाकली की ऐकणारे उठून ओरडले, तर डीजे तबकडीवर हात ठेवतो आणि ती घर्रकन उलटी फिरवतो. गाणं तिथंच बंद. मग सगळं परत पहिल्यापासून. याला रिलोड म्हणतात. “नव्या माणसाले वाटते, मशीन बिघडली नाही तर याले बंद पाडलं,” भाऊ म्हणाले. “तसं नाही. याच्याहून मोठा मान या गाण्यात नाही. मी इथं इतक्या वर्षात कोणाचं फिरवलं नाही.” निघताना मी म्हटलं की माझ्या डोक्यावरून बरंच गेलं, काही चुकीचं बोलले असेन. ते म्हणाले, “पह्यल्या रविवारी सगळं माफ. ज्याले कोणी सांगतलंच नाही, त्याची काय चुकी? दुसऱ्या रविवारपासून माफी नाही. आता तुले माहीत हाय.”

दुसऱ्या रविवारपासून तो माणूस विंचू झाला. मी पहिली ओळ म्हटली की “नामंजूर.” दुसरी म्हटली की “नामंजूर, आन श्वास कुठी गेला तुह्या, गहाण ठेवला का?” इंजिनिअरिंगवाला एकदा म्हणाला की हे म्हणजे आपल्या भजनी मंडळातल्या द्रुत लयीसारखंच झालं. भाऊंनी त्याची चप्पल उचलून दाराबाहेर ठेवली. कशाची कशाशी तुलना केलेली त्यांना खपत नसे. स्वतः मात्र मला धडा द्यायला थेट ऑटो स्टँडवर घेऊन गेले. तिथं एक जण “जैनथ जैनथ जैनथ” ओरडून त्या गावच्या सवाऱ्या गोळा करत होता. भाऊ म्हणाले, “एका दमात किती डाव जैनथ म्हनते, मोज. तो अकरा डाव म्हनते. तुह्या चार शब्दात दम जाते. आन तू एमसी.” भर स्टँडवर, लोकांसमोर. तो ओरडणारा माझ्याकडे बघून हसला. त्या रात्री मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवसापासून घराच्या गच्चीवर “जैनथ जैनथ” करायला लागले. महिन्याभरात तेरापर्यंत गेले. भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, “मंग ऑटोच चालव.”

आता खरं सांगायचं तर हा माणूस कधीकधी आपल्या वाकडेपणातूनच सरळ वागायचा. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी त्यांच्याकडेच दिला. आईच्या नावापुढे मी शाळेच्या दाखल्यावर होतं तेच लिहिलं होतं, नुसतं ‘बाई’. कोण्या मास्तरनं कधीकाळी लिहिलेलं. भाऊंनी अर्ज परत ढकलला. “नामंजूर. बाई हे काय नाव होय? घरी जाऊन माईले इचार, तिले कोणतं लिवलेलं पाह्यजे.” मी चिडून घरी आले आणि विचारलं. आई भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “मले हे कोणी इचारलंच नाही आजलोक.” मग तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, जे मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी भाऊंना बरं म्हणते. बाकी हिशेब उणाच होता.

आमची खरी जुंपली ती भाषेवरून. मी बॉलिवूडछाप हिंदीत लिहून नेलं होतं. भाऊंनी कान झाकून घेतले आणि विचारलं की मी घरी कोणत्या भाषेत भांडते. माझी सटकली. मी म्हटलं, “तुमच्या बापाच्या दुकानात आमच्या आजीले पायरीखाली उभं राहून मीठ घ्या लागे. आन आता तुमी सांगणार का आमी कसं बोलाचं?” इंजिनिअरिंगवाला खाली बघायला लागला. अन्नाला अर्धंच कळलं असेल, पण तोही खाली बघायला लागला. मला वाटलं, आता माझीही चप्पल दाराबाहेर जाणार. भाऊंनी कानांवरचे हात खाली घेतले. मग म्हणाले, “हे बराबर ठोक्यावर बोलली. हेच लिव.” मला राग गिळता येईना आणि थुंकताही येईना.

लिहायला माझ्याकडे एक गोष्ट होती, आणि ती बाबांची होती. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले तरी वॉर्डात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. तरुणपणी ते गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचे. आवाज असा की माईक नसला तरी चालेल. पैनगंगेकाठच्या एका गावात जयंतीला ते गात होते, गाणं रंगात आलं होतं, आणि कोणीतरी मागून येऊन लाउडस्पीकरची वायर ओढली. कोणी ओढली ते सगळ्या गावाला माहीत होतं. बोललं कोणीच नाही. बाबा स्टेजवर तोंड उघडं ठेवून उभे राहिले. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी गाणं म्हटलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही भिंतीकडे तोंड करून.

मी हे गाणं शिकते याला बाबांचा विरोध होता. त्यांना मी बी.एड. करायला हवं होतं. शिवाय किराण्यावाल्याच्या पोराच्या दुकानामागे पोरगी जाते, हे त्यांच्या कानावर येतच होतं. मी दोन वर्षं भांडले. शेवटी ते म्हणाले, “जयंतीले विहाराच्या मैदानात एक डाव म्हन. समाजाले पटलं तर म्हनत जा. नाही पटलं तर वही बंद, बी.एड.” जयंती कमिटीचे अध्यक्ष बाबाच होते. भाऊंना मशीन घेऊन स्टेजवर येऊ द्यावं का, यावरच कमिटीत तासभर वाद झाला. मी जामीन राहिले. म्हटलं, माणूस तिखट आहे पण घातकी नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या चार मिनिटांवर येऊन ठेपलं होतं, आणि हे भाऊंना माहीत होतं.

जयंतीच्या दिवशी ऊन उतरल्यावर साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलेलं, पुढे सतरंजीवर बायका, खुर्च्यांवर म्हातारी माणसं, मागे उभी तरुण पोरं. वंदना झाली, भाषणं झाली. माझी पाळी यायच्या जरा आधी भाऊ माझ्या आईसमोर आणि दोन मावश्यांसमोर मला म्हणाले, “घाबरली का? घाबराचं कारण नाही. तुले तसंही येत नाही.” आईचा चेहरा पडला. पांढरी साडी नेसून ती सकाळपासून देखणी दिसत होती, आणि यानं तिच्या लेकीला असं बोलावं. मी मनात म्हटलं, थांब, तुझीही वेळ येईल.

भाऊंनी तबकडी लावली. बास सुरू झाला तसे म्हातारे कानावर हात नेऊ लागले. मी सुरू केलं. पहिले आठ बार कोणाला काही कळलं नाही. मग माझ्या तोंडची बोली ऐकून बायकांनी माना वर केल्या. श्वास टिकला, गच्चीवरचं जैनथ कामाला आलं. आणि मग त्या दोन ओळी आल्या:

“गाणं भरात, वायरीवर हात, सांगा कोणाचा होता?
हात विसरला, गाव विसरलं, बाप विसरला नोता.”

मागची पोरं एका आवाजात ओरडली. काही जण हात वर करून पुढे आली. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकाशी आले होते. आणि त्याच क्षणी भाऊंनी तबकडीवर पंजा ठेवला आणि ती उलटी फिरवली. घर्र झालं आणि गाणं तिथंच थांबलं.

मी वळून पाहिलं. भाऊ हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तोंडभर हसत, हात मशीनवर ठेवून ते माझ्याकडे बघत होते, आता म्हण परत पहिल्यापासून, अशा नजरेनं. मला सगळं कळलं. ज्या माणसानं इतक्या वर्षांत कोणाचं फिरवलं नव्हतं, त्यानं माझं फिरवलं होतं.

बाबांना दिसलं ते वेगळं. त्यांना दिसलं की जयंतीच्या स्टेजवर, वायरीच्या ओळीवर, दुकानदाराच्या पोरानं हात घालून त्यांच्या पोरीचं गाणं तोडलं आणि वरून तो हसतो आहे. ते स्टेजवर कसे चढले ते मला कळलं नाही. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या ते एकेक करून चढतात. त्यांनी भाऊंचा हात मशीनवरून झटकला. “काऊन तोडलं?” ते ओरडले. “चाळीस वर्सं झाली, अजून तुमचं पोट नाही भरलं?” कमिटीची माणसं धावली. भाऊंचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात माईक होता.

“सांग,” ते म्हणाले. “तू सांग यायले.”

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, हा अपमान नाही, हा मान आहे. एवढंच. मला ते पाठ होतं. पहिल्याच रविवारी गूळ-फुटाणे खाता खाता मला ते सांगितलेलं होतं, त्या मैदानात ते माहीत असलेली मी एकटी होते. आणि मी बोलले नाही. खोटं काऊन बोलू, पाच-सात सेकंद मला बरं वाटलं. आम्ही दर रविवारी ‘नामंजूर’ ऐकत जसे उभे राहतो तसा आज हा उभा आहे, घे म्हणावं, असं वाटलं. तेवढ्यात कमिटीतल्या एकानं मशीनची पिन काढली. मग आई रडायला लागली, आणि हजार माणसांसमोर बाबांना ‘तुमचं चुकलं’ म्हणायची माझी छाती झाली नाही. मी माईक खाली ठेवला.

भाऊंनी वायरी गुंडाळल्या. कोणी त्यांना मदत केली नाही, कोणी मारलंही नाही. मशीन छातीशी धरून ते गर्दीतून चालत गेले आणि ऑटोत बसले. बायका माझ्याभोवती जमल्या, पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी त्यांना फिरवू दिला.

यापुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते, पण सांगते. जिचं गाणं तोडलं ती पोरगी म्हणून माझं नाव झालं. त्याच महिन्यात जैनथहून बोलावणं आलं, मग नार्नूर, उटनूर. लोक म्हणायचे, तेच गाणं म्हण, जे तोडलं होतं. बाबांनीच बी.एड.चा विषय सोडला. म्हणाले, “आता तर म्हनाचंच. कोण तोडते पाहू.” ते माझ्याबरोबर प्रत्येक कार्यक्रमाला येऊन स्टेजच्या पायरीशी, वायरीजवळ खुर्ची टाकून बसायचे. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते एका खोटेपणावर मिळालं. विहाराच्या आसपासचा एकही माणूस भाऊंच्या दुकानात जाईना. त्यांची अर्धी गिऱ्हाइकं आमचीच होती. सहा महिन्यांनी ते पैनगंगेपलीकडे, पांढरकवड्याला बहिणीच्या शेजारी राहायला गेले. मी दर आठवड्याला ठरवायची, या आठवड्यात बाबांना सांगायचं. पण जितका उशीर होत गेला तितकं ते सांगणं जड होत गेलं, आणि मग मी भाऊंनाच दोष द्यायला लागले. गोड बोलला असता तर मी बोलले असते, असं. इतकं खोटं मी गाण्यातही कधी लिहिलं नाही.

चार वर्षं गेली. आता विहाराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मीच चार पोरींना घेऊन बसते. गूळ-फुटाणे ठेवते. मागच्या थंडीत दोन नवीन पोरी आल्या. त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगत होते, मळ, गच्चीवरचा रेडिओ, एकशेचाळीस. बोलता बोलता रिलोडवर आले आणि भाऊंचेच शब्द माझ्या तोंडून निघाले: “नव्या माणसाले वाटते याले बंद पाडलं. तसं नाही. याच्याहून मोठा मान या गाण्यात नाही.” मागे पेपरचा आवाज थांबला. बाबा हॉलच्या दाराशी ऊन खात पेपर वाचत बसतात, हे मी विसरले होते. नेहमीचंच असल्यामुळे कोणी त्यांच्याकडे बघत नाही.

पोरी गेल्यावर ते जवळ आले. पेपरची घडी केली, ती पुन्हा केली. “त्या दिवशी त्यानं हेच केलतं?”

“हो.”

“तुले तवा माहीत होतं?”

“हो बाबा.”

“मंग तवाच काऊन नाही सांगतलं?”

मिनिटाला एकशेचाळीस ठोक्यांवर बोलणारं माझं तोंड. आणि मी फुटाण्यांच्या वाट्या गोळा करायला लागले. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “चाल. पांढरकवड्याले.”

भाऊंचं दुकान तिथंही कचेरीसमोरच निघालं. लहान होतं, एकच मशीन, मागे खोली नाही. भाऊंचे केस पांढरे झाले होते. काउंटरवर एका म्हाताऱ्याचा अर्ज होता आणि ते त्याला “नामंजूर, परत लिहून आण” सांगत होते. आम्हाला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. काउंटरमागून बाहेर आले आणि आपली एकुलती एक खुर्ची बाबांना दिली. बाबा बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडून म्हणाले, “मी चुकलो. तुमच्या हाताले हात लावला मी.”

भाऊंनी त्यांचे हात धरून खाली केले आणि खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. “तुमची काय चुकी, मास्तर? तुमाले कोणी सांगतलंच नोतं. पह्यल्या रविवारी सगळं माफ असते.” मग त्यांनी चहा सांगितला आणि बाबांना विचारलं की त्या गावात कोणतं गाणं म्हणत होते. बाबांनी सांगितलं. “चाल म्हना बरं,” भाऊ म्हणाले. आणि माझ्या बाबांनी, झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून, चहा येईपर्यंत त्या गाण्याचं अख्खं धृपद म्हटलं. भाऊ टेबलावर बोटांनी ठोका धरत होते. अर्ज घेऊन आलेला म्हाताराही थांबून ऐकत होता. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

बाबा चूळ भरायला बाहेर नळावर गेले तेव्हा मी काउंटरशी गेले. वाटेत बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हटलं, “भाऊ, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. चुकलं माझं. माफ करा.”

त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. मग मशीनचं झाकण उघडलं, त्या म्हाताऱ्याचा कागद काचेवर सरळ लावला.

“नामंजूर,” ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मी वाट पाहत होते. शाळेत मार खाऊन आले, कॉलेजात कोणाशी भांडून आले, प्रत्येक वेळी बाबा माझ्याच बाजूनं बोलले होते. नळावरून आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं असणार, दुकान केवढं ते. पैनगंगेचा पूल आला. खाली पाणी कमी होतं, बायका कपडे धूत होत्या. पूल संपला, तेलंगणाची पाटी गेली, तेव्हा बाबा बाहेरच बघत म्हणाले, “बराबर हाय त्याचं.”